पिशवीवरची तारीख आणि फ्रिजबाहेरची मिनिटे : प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात होल ब्लड

रुग्ण २६ वर्षांची, दुसरी खेप, वजन ५२ किलो, रक्तगट बी पॉझिटिव्ह. शेवटच्या तपासणीतले हिमोग्लोबिन ९.८. रुग्णालय लहान आहे. तिथे रक्तपेढी नाही, रक्त साठवण्याची सोय आहे: एक फ्रिज, एक तंत्रज्ञ आणि एक नोंदवही. मोठी रक्तपेढी गाडीने अडीच तासांवर. पॅक्ड सेल (वेगळ्या काढलेल्या तांबड्या पेशी), प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर द्रव), प्लेटलेट (गुठळी धरायला लागणाऱ्या बारीक पेशी) असे सुटे घटक लागले तर तिथून मागवायचे. इथल्या फ्रिजमध्ये असते ते होल ब्लड, दात्याकडून घेतले तसे, काहीही वेगळे न काढलेले.

हे प्रकरण कुणा एका रुग्णाचे नाही. लहान रुग्णालयांत जे पुन्हा पुन्हा घडते ते एका रात्रीत गुंफून अभ्यासासाठी मांडले आहे. वेळा आणि रुग्णाचे आकडे त्यासाठी ठरवलेले आहेत. त्यामागचे वैद्यक मात्र जसे आहे तसे आहे.

त्या दिवशी फ्रिजमध्ये बी पॉझिटिव्हच्या चार पिशव्या होत्या: ३ दिवसांची, ८ दिवसांची, १२ दिवसांची आणि २९ दिवसांची. चारही ४५० मिलीच्या, सीपीडीए-१ या रक्त न गोठू देणाऱ्या द्रावणात घेतलेल्या, म्हणजे ३५ दिवस मुदतीच्या. लेबलवर पाहाल तर चारही चालू. पण रक्तस्राव होत असलेल्या बाईसाठी या चार पिशव्या सारख्या नाहीत, आणि हे कळण्यासाठी ती मुदत नेमकी कशाची आहे हे ठाऊक असावे लागते.

दुपारची मागणी

रात्रीची गोष्ट खरे तर दुपारीच सुरू झाली. मेडिसिन वॉर्डातून बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्यांची चिठ्ठी आली. रुग्ण ६४ वर्षांच्या बाई, हिमोग्लोबिन ५.२, चालले की धाप लागते, पायावर सूज. तंत्रज्ञाने फोन करून विचारले, "डॉक्टर, कुठून रक्त जातंय का?"

"नाही. अशक्तपणा बऱ्याच महिन्यांचा आहे. पण पाच पॉइंट दोन आहे हो."

"मग सकाळच्या गाडीने पॅक्ड सेल मागवू का? आज रात्र निघेल ना?"

डॉक्टरांनी बाईंना पुन्हा तपासले. बसल्या जागी धाप नव्हती, छातीत दुखत नव्हते. सकाळपर्यंत थांबायचे ठरले.

हा निर्णय अगदी योग्य होता, आणि फक्त रात्री पिशव्या उरल्या म्हणून नव्हे. महिनोन्‌महिने हळूहळू वाढलेल्या रक्तक्षयात शरीराने प्लाझ्मा वाढवून एकूण रक्ताचे आकारमान भरून काढलेले असते. अशा माणसाला हव्या असतात तांबड्या पेशी. होल ब्लडच्या एका पिशवीत ४५० मिली रक्त आणि ६३ मिली द्रावण असे पाचशे मिलीहून जास्त आकारमान जाते. थकलेल्या हृदयावर ते लादले की फुफ्फुसात पाणी भरते, आणि आधी नुसती अशक्त असलेली बाई रात्रीत गुदमरायला लागते. पॅक्ड सेल मिळणारच नसतील आणि जीव धोक्यात असेल तर होल ब्लड द्यावे लागते, पण ते अगदी सावकाश, लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या आधाराने आणि रुग्णाजवळ बसून. "हिमोग्लोबिन कमी, म्हणून दोन पिशव्या" ही सवय मोडली पाहिजे, हे मी ठामपणे म्हणेन.

रात्रीचा घटनाक्रम

१:१० ला बाळ झाले, रडले, ठीक होते. गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन १० युनिट लगेच दिले. १:२० ला वार पूर्ण पडली. १:३५ ला सिस्टरांच्या लक्षात आले की गर्भाशय हाताला मऊ लागतेय आणि खालच्या मोजपिशवीत रक्त ६०० मिलीच्या वर गेले आहे. नाडी ११२, वरचा रक्तदाब १०४. रक्तदाब अजून "बरा" दिसत होता. पण नाडीला वरच्या रक्तदाबाने भागले की १.०८ येते, आणि प्रसूतीनंतर हा आकडा ०.९ च्या वर गेला की सावध व्हायचे असते. तरुण, धडधाकट शरीर रक्तदाब बराच वेळ टिकवून धरते आणि मग एकदम सोडून देते.

याच क्षणी, रक्त लागेलच असे ठरण्याआधी, क्रॉसमॅचचा, म्हणजे रुग्णाचे आणि पिशवीतले रक्त जुळते का हे पाहण्याच्या चाचणीचा, नमुना गेला. नळीवर नाव आणि नोंदणी क्रमांक रुग्णाच्या खाटेशीच लिहिला, टेबलावर जाऊन नाही. दोन जाड सुया लावल्या. गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिनचे ड्रिप, मिसोप्रोस्टॉल हे चालूच होते. धरलेली गुठळी विरघळू न देणारे ट्रॅनेक्झामिक आम्ल १ ग्रॅम शिरेतून १:४० ला सुरू झाले. हे औषध बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिले तरच उपयोगी, आणि त्यातही जितके लवकर तितके चांगले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या 'वूमन' चाचणीने हे दाखवले आहे.

१:५० पर्यंत ११०० मिली. सिस्टरांनी साध्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन मुठीत उबेला धरले. सात मिनिटांनी नळी तिरकी केली: तळाशी लिबलिबीत गुठळी होती, आणि ती तिरकी करताच फुटून वाहू लागली. कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालाआधी हाताशी आलेली ही माहिती अमोल होती. सात मिनिटांत गुठळी धरत नाही किंवा धरून सहज मोडते, म्हणजे गोठण्याची यंत्रणा ढासळते आहे. यावर फक्त सलाइन ओतत राहिले तर उरलेसुरले घटकही पातळ होतात. डॉक्टरांनी फोनवर सांगितले, "होल ब्लड पाठवा. लगेच."

कोणती पिशवी आधी

तंत्रज्ञाचा हात सवयीने २९ दिवसांच्या पिशवीकडे गेला. रक्तपेढीचा नियमच तो: जुने आधी बाहेर, म्हणजे मुदत संपून वाया जात नाही. एरवी हा नियम चोख आहे. इथे डॉक्टरांनी विचारले, "सगळ्यात ताजी कोणती?"

त्यांनी असे का विचारले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. रक्त बाटलीत न गोठता ठेवता येते हे १९१४-१५ मध्ये कळले, जेव्हा ब्रसेल्समध्ये उस्टँ, ब्वेनोस आयरेसमध्ये आगोते आणि न्यूयॉर्कमध्ये लुइसोन यांनी सोडियम सायट्रेट वापरले. सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवते आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही. १९१६ मध्ये राउस आणि टर्नर यांनी त्यात साखर घातली, पेशी जास्त दिवस टिकू लागल्या, आणि १९१७ मध्ये ऑस्वल्ड रॉबर्टसन या लष्करी डॉक्टरने फ्रान्समधल्या आघाडीवर साठवलेले ओ गटाचे रक्त जखमी सैनिकांना दिले. तेव्हापासून साठवणीची सगळी प्रगती एका प्रश्नाभोवती फिरली आहे: तांबडी पेशी किती दिवस जगवता येईल? सीपीडीए-१ मधला फॉस्फेट आम्लता आवरतो, डेक्स्ट्रोज पेशीचे खाद्य आहे, अॅडेनिन तिच्या ऊर्जेचा साठा टिकवते. ३५ दिवसांची मुदतही तांबड्या पेशींवरूनच ठरली आहे. कसोटी अशी की मुदतीच्या अखेरीला दिलेल्या पेशींपैकी निदान ७५ टक्के पेशी २४ तासांनंतर रुग्णाच्या रक्तात फिरत असाव्यात.

प्लेटलेटचा त्या तारखेत विचारच नाही. गोठण्याच्या घटकांचाही नाही. २ ते ६ अंशांत ठेवलेल्या प्लेटलेट चपट्या राहत नाहीत, गोलसर होतात. शरीरात गेल्यावर एखाद-दोन दिवसांत नाहीशा होतात. पण वाहत्या जखमेला एक-दोन दिवस टिकणारी प्लेटलेट नको असते, आत्ता चिकटणारी हवी असते, आणि थंडीत राहिलेली प्लेटलेट ते काम चटकन करते. मात्र पिशवीचे वय वाढते तसा हा गुण ओसरतो. गोठण्याच्या घटकांपैकी 'घटक पाच' आणि 'घटक आठ' हेही फ्रिजमध्ये घटत जातात. तांबड्या पेशींकडून ऊतींना ऑक्सिजन सुटायला मदत करणारे २,३-डीपीजी दोन आठवड्यांत जवळजवळ संपते. रक्त दिल्यावर ते पुन्हा भरते, पण त्याला एक-दोन दिवस लागतात. पिशवीतल्या प्लाझ्माचे पोटॅशियम सुरुवातीला चारच्या आसपास असते, ते ३५ व्या दिवशी २७ च्या घरात जाते. एका पिशवीतले एकूण प्रमाण फार नसते. पण थंड पडलेल्या, आम्लता वाढलेल्या शरीरात भराभर चाललेल्या पिशव्यांत ते मोजावे लागते.

म्हणून जुनी पिशवी निरुपयोगी ठरते का? नाही. गुठळीचे जाळे ज्यापासून बनते ते प्रथिन, फायब्रिनोजेन, थंडीत चांगले टिकते, आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावात सगळ्यात आधी आणि सगळ्यात घातक घसरण होते ती फायब्रिनोजेनचीच. गरोदरपणात ते वाढलेले असते. ते लिटरला २ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तस्राव गंभीर वळण घेणार असे धरून चालायचे. घटक आठ तर गरोदरपणात मुळातच चढलेला असतो, त्यामुळे पिशवीत तो कमी असण्याचे इथे तेवढे दुःख नाही. थोडक्यात, दुसरे काही हाताशी नसते तर २९ दिवसांची पिशवीही या बाईला दिलीच असती. पण ३ दिवसांची समोर असताना ती आधी देण्याचे कारण नव्हते.

क्रम ठरला: ३, ८, १२ आणि मग गरज उरली तर २९.

सुटे घटक देता आले असते तर? पॅक्ड सेल, प्लाझ्मा आणि प्लेटलेट समप्रमाणात एकत्र केले तरी मूळ रक्त परत मिळत नाही. प्रत्येक घटकासोबत त्याचे द्रावण येते, आणि मिश्रणाचा हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचा वाटा) २९ टक्के, प्लेटलेट ८८ हजार, गोठण्याचे घटक ६५ टक्के अशा पातळीला येतात. शिवाय गोठवलेला प्लाझ्मा वितळवायला वेळ जातो. १९७० च्या दशकापासून एका दात्याचे रक्त अनेकांना पुरावे म्हणून घटक वेगळे करण्याची पद्धत रुळली आणि ती बहुतेक रुग्णांसाठी योग्यच आहे. पण वाहून जाणारे रक्त भरून काढताना होल ब्लडची बाजू भक्कम आहे. म्हणूनच युद्धभूमीवरून ते अपघात विभागांत परत आले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एएबीबी या रक्तसंक्रमण संघटनेने प्रतिपिंडांचे प्रमाण कमी असलेले ओ गटाचे होल ब्लड इतर गटांच्या रुग्णांना देण्याला आपल्या मानकांत जागा दिली.

ते विशेष तपासलेले रक्त सोडले, तर होल ब्लडचा एबीओ गट रुग्णाच्या गटाशी तंतोतंत जुळावा लागतो. पॅक्ड सेलमध्ये ओ कुणालाही चालते, कारण प्लाझ्मा जवळजवळ काढलेला असतो. होल ब्लडमध्ये ओ गटाच्या प्लाझ्मातली अँटी-ए आणि अँटी-बी ही, ए आणि बी गटाच्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडे सोबतच जातात. घाईच्या वेळी ही चूक सहज होते, म्हणून ठळकपणे सांगतो.

फ्रिजपासून शिरेपर्यंत

तंत्रज्ञाने ३ दिवसांची पिशवी न हलवता उचलून दिव्यासमोर धरली. खाली तांबड्या पेशींचा थर, वर पिवळसर प्लाझ्मा, मधली रेघ स्पष्ट. प्लाझ्मात गुलाबी छटा असती तर पेशी फुटल्या आहेत. खालचा थर जांभळट-काळा असता तर आत जिवाणू वाढल्याची शंका. येर्सिनियासारखे काही जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतात. गुठळ्या नव्हत्या, नळीच्या सीलजवळ ओल नव्हती. मग त्याने पिशवी आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करून रक्त एकजीव केले. तात्काळ फिरवून वाचायचा क्रॉसमॅच जुळला होता. पूर्ण क्रॉसमॅच पुढे चालू ठेवला, त्याचा निकाल २:२५ ला आला, जुळणारा.

खाटेशी दोघींनी मिळून मनगटपट्टी, पिशवीचे लेबल आणि क्रॉसमॅचचा कागद मोठ्याने वाचून ताडले. बाई झोपाळल्या होत्या, नाव विचारून उपयोग नव्हता, म्हणून पट्टीवरच भिस्त. रक्तस्राव कितीही असो, या वाचनाला अर्धे मिनिट लागते आणि ते द्यायचेच. चुकीच्या गटाचे रक्त बहुतेक वेळा इथेच, शेवटच्या हाताभर अंतरात चढते.

१:५८ ला पिशवी लागली, १७० ते २०० मायक्रॉन जाळीच्या संचातून. त्या नळीत साध्या नॉर्मल सलाइनशिवाय काही नाही. रिंगर लॅक्टेटमधले कॅल्शियम सायट्रेटवर मात करून नळीतच गुठळ्या धरवते, आणि पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये तांबड्या पेशी फुटतात. दाबपट्टा लावून पिशवी १२ मिनिटांत संपली.

या वेगाला थंडी नडते. मोठ्या माणसात तासाला दर किलोमागे ५० मिलीपेक्षा वेगाने रक्त चालले तर ते कोमट करून द्यावे असे मानतात. ही पिशवी जवळपास त्याच वेगाने गेली. रक्त कोमट करणारे यंत्र नव्हते. एका शिकाऊ डॉक्टरने पिशवी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायला घेतली. सिस्टरांनी ती काढून घेतली. "नाही हं, पेशी फुटतील. त्यांना पांघरूण घाला, पंखा बंद करा, सलाइन कोमट आणा." अगदी बरोबर. ४२ अंशांच्या वर रक्त गेले की पेशी फुटतात, आणि भांड्यातल्या पाण्याचे तापमान कोण मोजते? रुग्णाला उबदार ठेवणे मात्र नेहमी हातात असते, आणि थंड शरीरात रक्त नीट गोठत नाही.

दुसरी, ८ दिवसांची पिशवी २:१२ ला लागली. ती संपत आली तेव्हा बाईंच्या ओठांभोवती मुंग्या आल्या. जो सायट्रेट पिशवीत कॅल्शियम बांधतो तोच शरीरात शिरल्यावर रुग्णाचेही बांधतो. एरवी यकृत त्याचा निकाल लावते, पण शॉकमध्ये त्याला पुरेसे रक्तच पोचत नाही. दुसऱ्या हाताच्या शिरेतून दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली सावकाश दिले. रक्ताच्या नळीतून ते कधीच द्यायचे नाही.

२:३५ ला गर्भाशयात फुगा बसवला. २:४५ ला रक्त ओसरले. एकूण गेले सुमारे २३०० मिली. १२ दिवसांची तिसरी पिशवी २:३० ला लागली होती, ती हळू करून ३:१५ ला संपवली. तीन वाजता नळीतली नवी गुठळी सात मिनिटांच्या आत घट्ट बसली आणि तिरकी करूनही जागची हलली नाही. नाडी १०४, वरचा रक्तदाब १०८.

"माझं रक्त घ्या"

दोनच्या सुमारास नवरा साठवण खोलीच्या दारात आला. "माझाही बी पॉझिटिव्हच आहे. माझं काढा ना, ताजं ताजं."

तंत्रज्ञ म्हणाला, "दादा, तुमचं रक्त ताईंना देता येत नाही. इथे रक्त काढायची आणि तपासायची सोयही नाही. सकाळी रक्तपेढीत द्या, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल."

नवऱ्याला ते फार लागले. पण कारण खरे होते. गरोदरपणात बाळाच्या पेशींवरचे, वडिलांकडून आलेले प्रतिजन (पेशींवरच्या ओळखखुणा) आईच्या रक्ताने पाहिलेले असतात, आणि त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात. नवऱ्याच्या रक्तात तेच प्रतिजन. आज प्रतिक्रिया आली नाही तरी पुढच्या बाळाला त्रास होण्याची शक्यता वाढते. पाठोपाठ भाऊ पुढे आला. सख्ख्या नात्यातले ताजे रक्त विकिरण न करता, म्हणजे किरणांनी पांढऱ्या पेशी निष्प्रभ न करता, देणे आणखी धोक्याचे, कारण दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात मुरून त्यावरच हल्ला करू शकतात. हा आजार विरळ आहे, पण झाला तर बहुधा जिवावरच बेततो. आणि तपासणी न केलेले रक्त म्हणजे एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांचे दार उघडे ठेवणे. नातेवाइकांना हे दोन वाक्यांत, हळुवारपणे सांगणारे माणूस रात्रीपाळीला असलेच पाहिजे.

चौथी पिशवी

२:२० ला लेबर रूममधून निरोप गेला, "आणखी दोन पाठवा." १२ आणि २९ दिवसांच्या दोन्ही पिशव्या एकत्र, साध्या ट्रेमध्ये आल्या. तिसरी लागली. चौथी ट्रॉलीवर राहिली. ३:०५ ला वॉर्डबॉय ती परत घेऊन आला. तंत्रज्ञाने वही पाहिली: बाहेर पडून ४५ मिनिटे. परत फ्रिजमध्ये ठेवता येणार नव्हती.

खोलीच्या तापमानात साधारण अर्ध्या तासात पिशवीचा गाभा १० अंशांकडे जातो, आणि तिथून जिवाणूंना वाढायला वाव मिळतो. पुन्हा थंड केल्याने वाढलेले जिवाणू नाहीसे होत नाहीत. बाहेर काढलेले रक्त चार तासांत देऊन संपवता येते, पण ते रुग्णाला लागत असेल तर. एक डॉक्टर म्हणालेच, "बाहेर आहेच, तर यांनाच देऊन टाकू." बाईंचा रक्तस्राव थांबला होता, गुठळी धरत होती, लघवी होत होती. पिशवी वाया जाते म्हणून रक्त देणे हे रक्त देण्याचे कारण होऊ शकत नाही. ते दिले नाही. पिशवी बाद केली.

"तशीही सहा दिवसांत मुदत संपणार होती" हे म्हणणे मला मान्य नाही. त्या पिशवीतल्या तांबड्या पेशी अजून चांगल्या होत्या, कुणीतरी दंड पुढे करून ती दिली होती, आणि पहाटे बी गटाची दुसरी बाई आली असती तर फ्रिजमध्ये तिच्यासाठी काहीही उरले नव्हते. पिशवी ज्या ट्रेवरून आली ती ट्रे उष्णतारोधक पेटी असती, आणि बर्फाचे पॅक पिशवीला न टेकता ठेवलेले असते, तर ती परत ठेवता आली असती. बर्फ थेट टेकला तर मात्र पेशी गोठून फुटतात, आणि मग पिशवी उष्णतेने गेली काय किंवा थंडीने, परिणाम एकच.

नंतर

सकाळी बाईंचे हिमोग्लोबिन ७.९ होते. आणखी रक्त दिले नाही; चक्कर नव्हती, बाळाला पाजत होत्या. शिरेतून लोह सुरू केले. फुगा दुसऱ्या दिवशी काढला. मेडिसिन वॉर्डातल्या बाईंसाठी पॅक्ड सेलची एक पिशवी गाडीने आली, ती साडेतीन तासांत सावकाश चढली, आणि धाप कमी झाल्यावर दुसरी मागवलीच नाही.

साठवण खोलीत तीन बदल झाले. फ्रिजच्या वरच्या कप्प्यावर आता १४ दिवसांपर्यंतच्या पिशव्या असतात आणि त्या फक्त वाहत्या रक्तस्रावासाठी राखलेल्या. त्याहून जुन्या खाली, तिथे जुने आधी हाच नियम. पिशवी बाहेर पडली की वेळ मोठ्या अक्षरांत पिशवीला अडकवलेल्या चिठ्ठीवर लिहायची, वहीत वेगळी. आणि पेटीशिवाय एका वेळी एकच पिशवी. मोठ्या रक्तपेढीला कळवले आहे की बी आणि ओ गटाच्या निदान दोन-दोन पिशव्या दहा दिवसांच्या आतल्या पाठवा, आणि वीस दिवस उलटलेल्या न वापरलेल्या पिशव्या थंड पेटीतून परत घ्या. त्यांच्याकडे रोजचे रुग्ण जास्त आहेत, तिथे त्या वेळेत वापरल्या जातील. यावर त्यांचा होकार आला आहे, परतीच्या गाडीचा वार ठरायचा आहे.